न पाहिलेल्या सिनेमावरचे निबंध

तुमचे निबंध वाचून झाले. एकावरही गुण घातलेले नाहीत. वर्गप्रतिनिधीला पुढे करून 'मॅडम, इंटर्नलच्या मार्कांचं काय' असं विचारायला पाठवू नका. मार्कांचं काय करायचं ते मी ठरवलंय, शेवटी सांगते. तोवर मोबाइल पालथे ठेवा आणि ऐका.

विषय मी स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहिला होता. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांना आजच्या सिनेमात, टीव्हीवर, वर्तमानपत्रांत दिसणारा धर्म कसा वाटतो? 'त्यांना' काय वाटतं, हा प्रश्न होता. तुम्ही पानंच्या पानं भरलीत ती तुम्हाला त्यांच्याबद्दल काय वाटतं यानं. बरं, तेही स्वतःचं असतं तर अर्धे गुण तरी दिले असते. पण तीच वाक्यं, त्याच क्रमानं, जवळजवळ प्रत्येक वहीत! ती कुठून उचलली ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. पत्रकारितेचं शिक्षण घ्यायला आलात आणि पहिल्याच लांब निबंधात उचलेगिरी.

सुरुवात बहुतेकांची एकच: इव्हँजेलिकल म्हणजे कट्टर ख्रिश्चन. झालं, व्याख्या संपली. एका महाभागानं तर पोपला त्यांचा धर्मगुरू करून टाकलंय. अरे, हे प्रॉटेस्टंट आहेत. पोपशी काडीमोड होऊन पाचशे वर्षं झाली त्यांच्या पूर्वजांचा. डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकारानं १९८९ साली त्यांच्या चार खुणा सांगितल्या, आणि या विषयावर लिहिणारे बहुतेक अभ्यासक आज तिथूनच सुरुवात करतात. बायबल हा शेवटचा आधार. येशूचं क्रूसावरचं मरण हा श्रद्धेचा गाभा. ख्रिस्ती घरात जन्मून भागत नाही, माणसाचं मन पालटावं लागतं, हा आग्रह. आणि सुवार्ता सांगत राहण्याची, काहीतरी करत राहण्याची धडपड. या चार खुणांत 'रिपब्लिकन पक्षाला मत द्या' असं कुठे आहे का? नाही. ते मागाहून येऊन चिकटलं. का चिकटलं, हा फार मोठा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारायला हवा होता. पण तुम्ही टिळा बघून जात ठरवून मोकळे.

आता त्या सिनेमाकडे येते, कारण सगळ्यात जास्त शाई तिथे सांडली आहे. मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट', १९८८. निदर्शकांची तुम्ही यथेच्छ टर उडवली आहे: यांनी सिनेमा न पाहताच बोंब ठोकली म्हणून. बरोबर आहे, त्यांतल्या बहुतेकांनी पाहिला नव्हता. आता सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? हात वर करा.

वाटलंच होतं मला. निम्म्या वह्यांत लिहिलंय की या सिनेमात येशू क्रूसावरून खाली उतरतो, लग्न करतो, मुलंबाळं होतात, म्हातारा होतो. तुमचं वाक्य तिथे संपतं. सिनेमा तिथे संपत नाही. म्हातारा येशू अंथरुणावर पडलेला आहे, बाहेर जेरुसलेम पेटलंय, जुने शिष्य भेटायला येतात आणि त्यांतला यहूदा त्याला अक्षरशः फैलावर घेतो. तेव्हा कळतं की जिनं त्याला क्रूसावरून उतरवलं ती देवदूत म्हणवणारी लहान मुलगी म्हणजे सैतान होता. मग तो म्हातारा सरपटत बाहेर पडतो, देवाला विनवतो आणि पुन्हा क्रूसावर असतो. लग्न, संसार, म्हातारपण हे सगळं मिळून तो शेवटचा मोह, आणि तो मोह येशू नाकारतो. सिनेमाचं नावच ते सांगतंय. निदर्शकांनी जे पाहिलं नव्हतं तेच तुम्हीही पाहिलेलं नाही. त्यांना निदान आपल्या देवाची विटंबना होते आहे असं वाटत होतं. त्यांच्या जिवाला काहीतरी लागलं होतं. तुम्हाला फक्त पानं भरायची होती.

आणि त्यांचा आक्षेप काय होता, तो तरी नीट मांडा! 'प्रणयदृश्यामुळे भावना दुखावल्या.' एवढंच? भावना दुखावणं हे आपल्याकडचं आवडतं वाक्य, ते उचलून तिकडे डकवलंत. त्या दृश्याचा राग होताच, पण मूळ दुखणं त्याहून खोल होतं. सिनेमातला येशू सुतार आहे आणि तो रोमनांसाठी क्रूस बनवतो, ज्यांवर इतर ज्यूंना मारलं जातं. तो गोंधळलेला आहे, स्वतःला पापी म्हणवतो, देव बोलतोय की आपल्याला वेड लागलंय हे त्याला कळत नाही. कझान्टझाकिस या ग्रीक लेखकाची ही कल्पना, आणि तिच्यात ताकद आहे. पण ज्यांच्या श्रद्धेत येशू निष्पाप होता म्हणूनच त्याच्या मरणानं बाकीच्यांचं तारण होतं, त्यांना हे कसं वाटेल? निष्पापपणा काढून घेतला की मागे काही उरतच नाही, असं त्यांचं म्हणणं. ते पटो न पटो. पण एवढं समजून घेतल्याशिवाय त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

त्यातही एक गोष्ट तुम्हाला सापडायला हवी होती, कारण तो आपल्या धंद्याचा भाग आहे. युनिव्हर्सल स्टुडिओनं ख्रिस्ती प्रेक्षकांना सांभाळायला टिम पेनलंड नावाचा एक इव्हँजेलिकल प्रसिद्धी सल्लागारच नेमला होता. चर्चच्या पुढाऱ्यांना सिनेमा आधी दाखवू, असा शब्द दिला होता. तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि पेनलंडनं राजीनामा देऊन विरोधकांची बाजू धरली. मग कॅम्पस क्रूसेड या संघटनेचे संस्थापक बिल ब्राइट यांनी तो प्रसिद्ध प्रस्ताव दिला: तुमचा सगळा खर्च आम्ही भरून देतो, सगळ्या प्रती आमच्या हवाली करा, आम्ही त्या नष्ट करतो. युनिव्हर्सलनं वर्तमानपत्रांत पानभर जाहीर पत्र छापून नकार कळवला, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य विकाऊ नसतं असा पवित्रा घेतला. उत्तर बाणेदार होतं, यात शंका नाही. पण शब्द देऊन फिरवणारा स्टुडिओ त्या पत्रात कुठे दिसत नाही. प्रसिद्धीपत्रक वाचताना त्यात काय नाही ते आधी शोधायचं, हे तुम्हाला पहिल्या सत्रात शिकवलं होतं. गेलं वाटतं डोक्यावरून.

निदर्शकांचीही मी आरती ओवाळत नाही. ऑगस्टमध्ये युनिव्हर्सलच्या दारात सुमारे २५ हजार लोक जमले, ते शांततेनं जमले. त्याआधी मात्र एका मूलतत्त्ववादी पाद्र्यानं स्टुडिओच्या मालक कंपनीच्या ज्यू प्रमुखाच्या घराबाहेर येशूला ज्यू निर्माते खिळे ठोकताहेत असं नाटक वठवलं. हा निव्वळ ज्यूद्वेष होता आणि त्याला दुसरं नाव नाही. त्याबद्दल तुमच्या एकाही वहीत अवाक्षर नाही. उलट पॅरिसचं सेंट मिशेल थिएटर पेटवलं ते मात्र सरळ इव्हँजेलिकलांच्या नावावर खपवलंत. ते कृत्य होतं फ्रान्समधल्या कडव्या कॅथलिकांचं. जे त्यांनी केलं ते सोडलंत, जे केलं नाही ते अंगाला चिकटवलंत! आणि हो, 'विरोधामुळे सिनेमा सुपरहिट झाला' हेही धादांत खोटं. सुमारे ७० लाख डॉलर लागले होते, अमेरिकेत सुमारे ८० लाखांच्या आसपास आले. बहिष्कारानं सिनेमा चालतो हा आपला लाडका समज. आकडे पाहायचे कष्ट कोण घेणार?

आता एक वाक्य वाचून दाखवते. कुणाच्या वहीतलं ते सांगत नाही, ज्याचं त्याला कळेल. 'इव्हँजेलिकल लोक हे प्रामुख्याने गरीब व अशिक्षित असल्यामुळे त्यांना टीव्हीवरील धर्मोपदेशक सहज नाचवू शकतात.' छान. आधार? नाही. आकडा? नाही. १ फेब्रुवारी १९९३ रोजी वॉशिंग्टन पोस्टच्या बातमीदारानं जवळजवळ हेच लिहिलं होतं, तेही बातमीत, लेखात नव्हे. दुसऱ्या दिवशी पोस्टला खुलासा छापावा लागला की या विधानाला कसलाही आधार नाही. तोवर वाचकांनी फोन करून करून आणि फॅक्स पाठवून कार्यालय हैराण केलं होतं. लोक आपापल्या पदव्या आणि पगार कळवत होते. त्या बातमीदाराच्या हातून ते मुद्दाम झालं असं मी म्हणत नाही. मला त्याहून वाईट वाटतं ते हे की ती ओळ संपादकाच्या नजरेखालून गेली, आणि कुणालाही खटकली नाही. वृत्तकक्षात त्या जमातीतलं कुणी ओळखीचंच नसावं. इव्हँजेलिकलांची प्रसारमाध्यमांबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार नेमकी हीच: तुम्ही आम्हाला ओळखत नाही आणि ओळखून घ्यायची तुम्हाला गरजही वाटत नाही. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका प्रसंगात होतं. तुम्ही ते उत्तर लिहिलं नाहीत, स्वतःच करून दाखवलंत!

स्कोप्स खटल्याचंही तेच. १९२५, डेटन, टेनेसी. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या तरुण मास्तरावर खटला. तुमच्या वर्णनात मास्तराला तुरुंगात टाकलंय, गावकरी त्याच्या जिवावर उठलेत, शहरातून आलेला वकील एकटा झुंजतोय. हे सगळं 'इनहेरिट द विंड' या नाटकातलं आणि त्यावरच्या १९६० च्या सिनेमातलं आहे. नाटक १९५५ चं, आणि लेखकांच्या मनात होता तो मॅकार्थीच्या काळातला, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चाललेला छळवाद. स्कोप्सचा खटला त्यांनी त्यासाठी वेठीला धरला, आणि नाटककाराला तो हक्क असतो. पत्रकाराला नसतो. प्रत्यक्षात त्या कायद्याला आव्हान द्यायला कुणीतरी पुढे यावं अशी एका नागरी हक्क संघटनेची जाहिरातच होती, आणि गावाचं नाव होईल म्हणून डेटनमधल्या काही मंडळींनी स्कोप्सला राजी केलं. शिक्षा १०० डॉलर दंड. तीही १९२७ साली वरच्या न्यायालयात तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. शिकागोच्या रेडिओ केंद्रानं तो खटला थेट प्रसारित केला, अमेरिकेत असं पहिल्यांदाच घडत होतं. मेंकेन हा पत्रकार तिथून त्या लोकांची सालपटं काढणारी वार्तापत्रं धाडत होता. त्याची शैली अप्रतिम आहे, वाचाच. पण शंभर वर्षं झाली तरी जगानं त्या लोकांकडे मेंकेनच्या चष्म्यातून पाहावं, ही त्यांची जखम आहे. आणि तुम्ही तर मेंकेनही वाचलेला नाही. सिनेमाचा गोषवारा वाचलात, बास.

'हे लोक आधुनिक माध्यमांना घाबरतात' हे वाक्य कुणी पहिल्यांदा टाइप केलं मला माहीत नाही, पण वर्गभर ते साथीसारखं पसरलंय. घाबरतात? १९२२ साली शिकागोत पॉल रेडर हा धर्मोपदेशक रेडिओवर बोलत होता, तेव्हा मुंबईला रेडिओ केंद्र यायला पाच वर्षं होती. चार्ल्स फुलरचा 'ओल्ड फॅशन्ड रिव्हायव्हल अवर' १९३७ पासून देशभर ऐकला जायचा. मोठ्या रेडिओ कंपन्या धर्मासाठी जो फुकट वेळ द्यायच्या तो मुख्य प्रवाहातल्या प्रॉटेस्टंट चर्चना, कॅथलिकांना आणि ज्यूंना. इव्हँजेलिकलांना तिथे थारा नव्हता, म्हणून ते पैसे मोजून वेळ विकत घ्यायचे. विकत घेण्यावरही बंधनं यायला लागली तेव्हा, १९४४ साली, त्यांनी धार्मिक प्रसारकांची संघटना उभी केली. पुढे १९६० मध्ये सरकारी आयोगानं धोरण बदललं. केंद्रानं फुकट दिलेला वेळ आणि पैसे घेऊन दिलेला वेळ, दोन्ही लोकसेवेच्या खात्यात सारखेच मोजले जाऊ लागले. मग कोणतं केंद्र फुकट वेळ देईल? मुख्य प्रवाहातली चर्च त्या फुकट वेळेवर विसंबून होती, ती हळूहळू बाहेर फेकली गेली. ज्यांना हाकललं होतं त्यांना पैसे देऊन जागा घ्यायची सवय लागलेली होती. १९७० चं दशक संपेपर्यंत अमेरिकी टीव्हीवरचा बहुतेक सगळा धर्म विकतच्या वेळेतला झाला होता.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यातून निघतं. वेळ विकत घ्यायचा तर पैसा लागतो आणि तो प्रेक्षकाकडूनच यावा लागतो. पॅट रॉबर्टसननं १९६१ साली व्हर्जिनियात एक बंद पडलेलं केंद्र घेऊन प्रक्षेपण सुरू केलं. दोन वर्षांनी खर्च भागेना, तेव्हा त्यानं महिन्याला १० डॉलर देणारे ७०० प्रेक्षक मागितले. 'द सेव्हन हंड्रेड क्लब' हे नाव तिथून आलं. सातशे वर्गणीदार, म्हणजे केंद्राचं महिन्याचं बिल. पण एकदा वर्गणीदार हाच मालक झाला की त्याला रोज काहीतरी द्यावं लागतं. रोज चमत्कार, रोज शत्रू, रोज संकट. रॉबर्टसनच्याच केंद्रात बाहुल्यांचा कार्यक्रम करणारं जिम आणि टॅमी फे बेकर हे जोडपं पुढे स्वतंत्र झालं. १००० डॉलर द्या आणि आमच्या रिसॉर्टमध्ये दर वर्षी तीन रात्री मुक्काम करा, आजन्म, अशी योजना बेकरनं टीव्हीवरून विकली. खोल्या होत्या त्याच्या कितीतरी पट सभासद केले. शार्लट ऑब्झर्व्हर या वर्तमानपत्रानं ते प्रकरण खणून काढलं, त्यासाठी १९८८ चं पुलित्झर मिळवलं, आणि १९८९ साली बेकरला ४५ वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली आणि १९९४ साली तो सुटला.

तुम्ही बेकरची पापं चवीचवीनं लिहिलीत, त्याची शय्याकथा तर विचारूच नका. पण ती यंत्रणा एकाच्याही वहीत नाही. खोल्या, वर्गणी, विकतचा वेळ, सरकारी धोरण हे शोधायला लागतं ना! आपल्याकडे पहाटे चॅनेल लावलं की रुद्राक्ष आणि यंत्र विकणारे कोण दिसतात, आणि त्या वेळेचे पैसे कोण कुणाला देतो, एवढं जरी स्वतःला विचारलं असतंत तर डोक्यात उजेड पडला असता.

बिल ब्राइटचंच उदाहरण पुन्हा घ्या. प्रती नष्ट करायला निघालेला हाच माणूस १९७९ च्या 'जीझस' या सिनेमामागे उभा होता. लूकचं शुभवर्तमान, जवळजवळ जसंच्या तसं, इस्राएलमध्ये चित्रित केलेलं. त्याचं ध्वनिमुद्रण दोन हजारांहून अधिक भाषांत झालंय, मराठीतही. भारतातल्या खेड्यांत पडदा लावून तो दाखवत फिरणारी माणसं होती. एका हातानं सिनेमा जाळायचा आणि दुसऱ्यानं सिनेमा वाटायचा, यात विसंगती आहे की नाही? असली तर कोणती? पडद्यावर येशू दिसणं त्यांना वर्ज्य नव्हतं. येशू कुणाच्या हातात आहे, याची त्यांना काळजी होती. २००४ साली मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' आला. गिब्सन जुन्या वळणाचा कॅथलिक, सिनेमात एका जर्मन कॅथलिक नन बाईच्या साक्षात्कारांमधले प्रसंग, रक्ताचे पाट, प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र. तरी इव्हँजेलिकल पाळकांना तो आधी दाखवला गेला, चर्चनी तिकिटं घाऊक विकत घेतली, आणि अमेरिकेत त्यानं सुमारे ३७ कोटी डॉलर कमावले. सोळा वर्षांपूर्वी ज्यांना स्कॉर्सेसीचा सिनेमा नष्ट करायचा होता, त्यांना बायबलमध्ये नसलेली दृश्यं इथे खटकली नाहीत. इथे त्यांना धारेवर धरायचं होतं! मुद्दा समोर वाढून ठेवलेला होता आणि तुम्ही 'पॅशन' हा इव्हँजेलिकल सिनेमा असं लिहून पुढे गेलात.

डिस्नेवरचा बहिष्कार (सदर्न बॅप्टिस्टांनी १९९७ मध्ये घातला, २००५ मध्ये उठवला) आणि हॅरी पॉटर यांवर फार बोलत नाही. २००१ साली न्यू मेक्सिकोत एका चर्चनं ती पुस्तकं जाळली, हे खरं. इव्हँजेलिकलांच्याच 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या नियतकालिकानं २००० च्या जानेवारीत पॉटरची बाजू घेणारा संपादकीय लेख छापला होता, हेही खरं. पहिलं सगळ्यांकडे आहे. दुसरं कुणाकडेही नाही. धुराचा फोटो छान येतो, संपादकीयाचा येत नाही.

आणि म्हणून सगळ्यात मोठी चूक. त्यांच्यातले लोक आपल्याच लोकांचे कान कसे उपटतात, हे तुमच्या गावीही नाही. धर्मोपदेशक बिली ग्रॅहम आणि त्याचे सहकारी १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी बसले आणि धर्मोपदेशकांची बदनामी कशाकशानं होते ते त्यांनी मांडलं: पैसा, बायका, स्थानिक चर्चची निंदा, आणि फुगवलेली गर्दी. शेवटचं ऐका. सभेला किती लोक आले ते वाढवून सांगायचं नाही, असा त्यांनी नियम केला. आपल्याकडचा एखादा पुढारी दाखवा असा! कार्ल हेन्री या इव्हँजेलिकल विचारवंतानं १९४७ मध्येच आपल्या मूलतत्त्ववादी बांधवांना सुनावलं होतं की समाजातल्या अन्यायाकडे पाठ फिरवून तुम्ही आपलं तोंड काळं करताय. मार्क नॉल या इव्हँजेलिकल इतिहासकारानं १९९४ साली पुस्तकच लिहिलं, आपल्या लोकांनी विचार करणं सोडलं म्हणून. भाज्यांच्या पात्रांतून बायबलच्या गोष्टी सांगणारं 'व्हेजीटेल्स' हे कार्टून लहान मुलांत तुफान चाललं. त्याचा कर्ता फिल व्हिशर कंपनी बुडाल्यावर जाहीरपणे म्हणाला की मी मुलांना ख्रिस्ती श्रद्धा दिलीच नाही, नुसतं शहाण्यासारखं वागायला शिकवत राहिलो. इतकं कडू तुमच्या एकाही निबंधात नाही.

रवी झकरायस हे नाव तरी ऐकायला हवं होतं. १९४६ साली मद्रासला जन्मलेला, श्रद्धेची बुद्धीनं पाठराखण करणारा जगप्रसिद्ध वक्ता. २०२० च्या मे महिन्यात वारला, तेव्हा शोकसभेला अमेरिकेचे उपराष्ट्रपती बोलले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याची भागीदारी असलेल्या स्पामधल्या स्त्रियांच्या लैंगिक छळाची बातमी कुणी छापली? ग्रॅहमनंच स्थापन केलेल्या 'ख्रिश्चॅनिटी टुडे'नं. त्याच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांनी पुढच्या फेब्रुवारीत ते आरोप खरे ठरवले. २०२२ मध्ये याच नियतकालिकानं स्वतःच्या कार्यालयातल्या छळाची बातमी स्वतः छापली. आपल्याकडच्या किती वृत्तसमूहांनी असं केलंय, मोजा आणि मला सांगा. मी वाट बघते.

यावरून लगेच त्यांची पालखी उचलू नका. एका मुलीनं तेही करून ठेवलंय, सगळे इव्हँजेलिकल म्हणजे कसे माध्यमांचे बळी. बळी? २०१६ साली मतदानोत्तर चाचणीत ज्यांच्यातल्या ८१ टक्के गोऱ्यांनी डोनाल्ड ट्रम्पना मत दिलं असं दिसलं, ते सत्तेच्या बाहेर उभे होते असं कुणी म्हणू नये. 'गोऱ्यांनी' हा शब्दही गाळू नका. तीच श्रद्धा मानणारे काळे ख्रिस्ती त्या चाचण्यांत वेगळे मोजले जातात आणि वेगळं मत देतात. २०१९ च्या डिसेंबरात 'ख्रिश्चॅनिटी टुडे'च्या संपादकानं ट्रम्पना पदावरून दूर करा असं लिहिलं, तेव्हा जवळजवळ २०० इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी निषेधाचं पत्र काढलं. आधी बिल क्लिंटनच्या चारित्र्यावरून ज्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं, त्यांना आता चारित्र्य किरकोळ वाटू लागलं. माझ्या मते त्यांच्या विश्वासार्हतेचं स्कॉर्सेसीनं नाही, हॉलिवुडनं नाही, या एका कोलांटउडीनं जेवढं नुकसान केलं तेवढं कशानंच केलेलं नाही. पण हे मी म्हणते ते त्यांचंच वाचून म्हणते.

शेवटी कळस. प्रत्येकानं उपसंहारात एक परिच्छेद ठोकलाय, 'भारतीय संदर्भात' म्हणून, आणि त्यात अमेरिकी मिशन म्हणजे काहीतरी परवा विमानातून उतरलेलं. अमेरिकी मराठी मिशननं 'ज्ञानोदय' नगरला १८४२ साली सुरू केलं. 'केसरी'च्या आधी एकोणचाळीस वर्षं. ना. वा. टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं. मराठी पत्रकारितेच्या इतिहासाचा पेपर तुम्ही मागच्या सत्रात दिलात, त्यात हा प्रश्न होता. आणि दादासाहेब फाळक्यांना सिनेमा काढायचं वेड लागलं ते मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहून, हेही तुम्ही पाठ करून लिहिलं होतंत. पाठ केलेलं परीक्षेनंतर कुठे जातं, देव जाणे. वर्गात नगरकडची ख्रिस्ती मुलगी बसते, तिला तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का, तुझ्या आजीला टीव्हीवरचे हे उपदेशक कसे वाटतात? नाही विचारलं. आणि बाईसाहेब, तुम्ही हसू नका. तुम्ही स्वतःच्या घरातल्या माणसांना विचारायचं सोडून त्याच वेबसाइटवरची तीच वाक्यं उतरवून आणलीत.

तर मार्क. सगळे निबंध रद्द. पुढच्या सोमवारी नवे आणायचे, हातानं लिहिलेले, आणि प्रत्येकात इव्हँजेलिकल माणसानं स्वतः लिहिलेलं किमान एक पुस्तक किंवा लेख वाचल्याची खूण दिसली पाहिजे. त्याच्या बाजूनं लिहा, विरोधात लिहा, मला फरक पडत नाही. स्कॉर्सेसीचा सिनेमा सगळ्यांनी पाहायचा. पावणेतीन तासांचा आहे, पुढे पुढे पळवत पाहिलात तर तोंडी परीक्षेत पकडले जाल. यहूदा त्या म्हाताऱ्या येशूवर नेमका कशासाठी भडकतो, हा माझा पहिला प्रश्न असेल. आणि त्याचं उत्तर गोषवाऱ्यातून पाठ करून आलात तर मी दुसरा विचारीन, तोवर त्या खोलीत आणखी कोण कोण उभं होतं. निघा आता. वह्या टेबलावर आहेत, आपापली उचला. माझं पुढचं लेक्चर दुसऱ्या मजल्यावर आहे.